घरी झिंक प्लेटिंग? आधी बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा

तुमचा प्रश्न: पुण्याच्या पावसाळ्यात घरच्या वर्कशॉपमधले बोल्ट, पिना, स्प्रिंगा गंजतात. घरीच झिंक प्लेटिंग करावं का, आणि स्प्रे कोणता घ्यावा?

माइल्ड स्टीलच्या (साध्या, मऊ पोलादाच्या) पार्टला झिंक प्लेटिंग, म्हणजे विजेने जस्ताचा पातळ थर चढवणं, खुशाल करा. डोक्यावर १०.९ किंवा १२.९ (हा ताकदीचा ग्रेड) लिहिलेल्या बोल्टला आणि स्प्रिंगला नाही म्हणजे नाही. यावर "आम्ही वर्षानुवर्षं करतोय, काही होत नाही" हे ठरलेलं उत्तर येतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

१२.९ चा ॲलन बोल्ट गंज काढायला ॲसिडमध्ये जातो, मग बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणात. दोन्हीकडे हायड्रोजन सुटतो. बुडबुड्यांतून दिसतो तो उडून जातो. त्रास देतो तो न दिसणारा, पोलादात शिरून त्याला ठिसूळ करणारा. बोल्ट बाहेर येतो चकचकीत, टॉर्क रेंचला नीट लागतो, आणि रात्रीतून, कोणी हात न लावता, त्याचं डोकं टक्कन उडतं. तुकडा भिंगाखाली धरा. तडा डोक्याच्या खालच्या कोपऱ्यातून गेलेला असतो, मान ताणून बारीक झालेली नसते, आणि तुटलेला भाग खडीसाखर फोडल्यासारखा दाणेदार दिसतो. मग शिव्या खातो दुकानदार, "डुप्लिकेट माल दिला" म्हणून. माल चांगलाच होता. उपाय आहे: प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत भट्टीत टाकून १९० ते २२० अंशांवर आठ-दहा तास तरी भाजायचं. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. माझं मत विचाराल तर या भानगडीत पडूच नका. १२.९ चे बोल्ट बहुधा ब्लॅकोडायझिंग (काळा ऑक्साइडचा थर) केलेलेच येतात. तो थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, त्याला फक्त तेल पाजत राहायचं.

आता माइल्ड स्टील. १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये २०० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम बोरिक पावडर. झिंक सल्फेट कृषी सेवा केंद्रात खत म्हणून मिळतं, त्यात गाळ असतो, फडक्यातून गाळून घ्या. ॲनोड (प्लसला जोडायचा; पार्ट मायनसला) जस्ताच्या पत्र्याचा, पार्टच्या दोन्ही बाजूंना; एकाच बाजूला लावलात तर पाठ कोरडी राहते. करंट १०० चौरस सेंटिमीटरला १ ॲम्पियर. एम५ चा (५ मिमी व्यासाचा) २० मिमी लांब बोल्ट साधारण ७ चौ. सेंमी भरतो, म्हणजे दहा बोल्टना ०.७ ॲम्पियर. या हिशेबाने तासाला सुमारे १७ मायक्रॉन चढतात, अर्ध्या तासात ८. घाईने करंट वाढवलात तर काळा, भुसभुशीत थर येतो आणि बोटाने पुसला जातो. थर सोलून निघाला तर पार्टवर तेलकटपणा राहिला होता. धुतल्यावर पाण्याचा सलग पडदा राहिला पाहिजे, थेंब जमले की पुन्हा धुवा. ॲनोडच्या वायरची क्लिप बाथमध्ये बुडवू नका, तिचं तांबं द्रावणात उतरतं.

आट्यांचा हिशेब बरेच जण विसरतात. थराच्या जाडीच्या चौपट पिच डायमीटर (आट्यांच्या मध्यावर मोजलेला व्यास) वाढतो, म्हणजे ८ मायक्रॉनला ३२. एम३ ला थर ५ मायक्रॉनच्या पुढे गेला की नट अडकायला लागतो.

नुसत्या जस्तावर पावसाळ्यात पांढरी भुकटी येते, त्यामुळे वर तेल लागतंच. पिवळं पॅसिव्हेशन (जस्तावर चढवायचा क्रोमियमचा रासायनिक थर) घरी नको, त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम विषारी असतं.

स्प्रेचं म्हणाल तर डब्ल्यूडी-४० मधलं डब्ल्यूडी म्हणजे 'पाणी हाकलणं'. तेवढ्यासाठी उत्तम, जून ते सप्टेंबर टिकायला नाही. भोसरीच्या ऑइलवाल्याकडे आरपी (रस्ट प्रिव्हेंटिव्ह, गंज रोखणारं) ऑइल मागा, डीवॉटरिंगवालं, म्हणजे पाणी हटवणारं. पार्ट उकळत्या पाण्यात बुडवून काढा, स्वतःच्या उष्णतेने वाळू द्या, कोमट असतानाच तेलात घाला, निथळवा आणि व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या) पिशवीत बंद करा. पिशवी उघडी राहिली तर तिचा उपयोग शून्य, कारण आतली वाफच रक्षण करते. तेल लावल्यावर उघड्या बोटांनी हाताळू नका, नाहीतर आठवड्याभरात घामाचा ठसा गंजात उमटतो.

आणि हो, हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी. वापरलेला बाथ मोरीत ओतू नका, पुन्हा वापरा. गंज काढायला आणलेली टॉयलेट ॲसिडची बाटली वर्कशॉपमध्ये ठेवली असेल तर वर सांगितलेलं सगळं वाया. घट्ट झाकणातूनही वाफ झिरपते आणि खोलीतल्या प्रत्येक उघड्या लोखंडावर आठवड्याभरात लाली चढते. ती आजच गच्चीवर नेऊन ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी.