व्याकरणातला क्लॉज आणि करारातला क्लॉज एकच का?

तुमचा प्रश्न असा: शाळेत क्लॉज म्हणजे उपवाक्य असं शिकलो, आणि आता गाळा भाड्याने घेताना मालक म्हणतो, 'सातवा क्लॉज नीट वाचून घ्या'. मग हे उपवाक्य की अट?

मालक म्हणतो ती अट. पण उपवाक्य ओळखता आलं नाही तर अटही धड वाचता येत नाही, हे मी स्वतःच्याच हाताने लिहिलेल्या कागदावर शिकलो.

आधी व्याकरण उरकतो. ज्याला स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं क्रियापद आहे, पण जे मोठ्या वाक्याच्या पोटात बसलंय, ते उपवाक्य. 'जर पाऊस आला, तर तोड थांबेल' (तोड म्हणजे झाडावरची फळं तोडण्याचं काम) यात दोन आहेत. 'तोड थांबेल' हे मुख्य, एकटं उभं राहतं. 'जर पाऊस आला' हे गौण. एवढंच बोलून कोणी गप्प बसला तर समोरचा विचारेल, 'मंग?' असं मुख्य-गौण मिळून झालं ते मिश्र वाक्य. 'पाऊस आला आणि तोड थांबली' यात दोघंही बरोबरीचे, म्हणून ते संयुक्त.

कायद्यातला क्लॉज हा वाक्याचा नाही, कागदाचा तुकडा असतो. सरकारी मराठीत सेक्शन म्हणजे कलम, त्याखाली पोटकलम, क्लॉज म्हणजे खंड, आणि 'परंतु' म्हणून जो अपवाद जोडतात ते परंतुक. खासगी करारात आपण सरसकट कलम किंवा अट म्हणतो. (आमच्या वरुड तालुक्यात कलम म्हटलं की आधी शेंदुरजना घाटच्या नर्सऱ्या आठवतात, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरलेल्या. ते असो.) करारातलं एक कलम एका ओळीचं असेल, नाहीतर पानभर दहा वाक्यांचंही.

आता माझा कागद. बारावी होऊन मी घरी होतो. बाबांनी अंबिया बहाराचा, म्हणजे दिवाळीच्या सुमारास तोडीला येणाऱ्या संत्र्याचा, बगीचा झाडावरच विकला, तीनशे झाडं, दोन लाख चाळीस हजारांत. चाळीस हजार इसार हातात आला. सौदाचिठ्ठी लिहायला मला बसवलं, कारण माझं मराठी चांगलं! मी ऐटीत लिहिलं: 'खरेदीदार उरलेली रक्कम तोड सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत देईल.' दोघांनी सह्या केल्या.

दिवाळी आली, भाव पडले, व्यापारी फिरकेना. फळ पिवळं होऊन गळायला लागलं. सकाळी बगीच्यात गेलं की पायाखाली संत्री फुटायची. बाबा त्याच्याकडे गेले तर तो शांतपणे म्हणाला, 'काकाजी, तोड चालू झाली काय? नाही ना? मंग पंधरा दिवस कुठून मोजता?' घरी येऊन बाबा मला एवढंच म्हणाले, 'कागद तर तुयाच हातचा हाय ना बे.'

शाळेच्या हिशोबाने माझं ते वाक्य केवल वाक्य आहे. पूर्ण क्रियापद एकच, 'देईल'. 'सुरू झाल्यावर' हे धातुसाधित, म्हणजे धातूपासून बनलेलं पण वाक्य पूर्ण न करणारं रूप, त्यामुळे परीक्षेत तिथे कोणी उपवाक्य मोजणार नाही. पण अर्थाने तिथे अख्खं 'जेव्हा तोड सुरू होईल, तेव्हा' दडलंय. मराठीत अशी अट 'ल्यावर', 'ल्यास', 'ईपर्यंत' या शेपटात मावून जाते आणि जाता जाता कर्त्यालाही गिळते. तोड सुरू कोण करणार? व्यापारी. म्हणजे पैसे द्यायची वेळ कधी येणार, हे ज्याने द्यायचे त्याच्याच हातात.

कायदा अगदीच हात वर करतो असं नाही. वकिलांनी १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातलं कलम ४६ दाखवलं: काम करायची वेळ ठरलेली नसेल तर ते वाजवी वेळेत केलं पाहिजे. पण वाजवी म्हणजे किती, हे तेच कलम त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर सोडतं. तारखा पडत राहिल्या असत्या. झाडावरचं फळ तितकं थांबत नाही. शेवटी बाबांनी एक लाख दहा हजार घेऊन विषय मिटवला.

पुढच्या वर्षी मीच लिहिलं: 'खरेदीदाराने १५ नोव्हेंबरपर्यंत तोड सुरू करावी. तोड सुरू होवो अथवा न होवो, उरलेली रक्कम खरेदीदार ३० नोव्हेंबरला देईल.' वाक्यं दोन झाली, जरा ओबडधोबड झाली, पण दोन्हीत कर्ता आहे आणि तारीख आहे.

आता तुमचं सातवं कलम. तुम्ही ते उतरवून दिलं हे बरं केलं: 'मुदतीपूर्वी गाळा सोडल्यास दोन महिन्यांची सूचना न देता अनामत जप्त होईल.' इथेही तीच खोडी. 'सूचना न देता' कोणी? तुम्ही सूचना न देता गाळा सोडला तर, की मालक तुम्हाला सूचना न देता पैसे ठेवून घेईल? पहिल्या अर्थाने सूचना दिली की तुमची अनामत वाचते. दुसऱ्या अर्थाने दिली काय, न दिली काय, गेलीच. शिवाय 'जप्त होईल' म्हणजे पूर्ण की काही भाग, तेही नाही. करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते असं कलम ७४ सांगतं, पण तो वाद पुन्हा कोर्टातला.

सही करण्याआधी मालकाला हे वाक्य खोडून दोन लिहायला सांगा: 'भाडेकरूने गाळा सोडण्याच्या दोन महिने आधी लेखी सूचना दिली, तर मालक पूर्ण अनामत परत करेल. सूचना दिली नाही, तर मालक दोन महिन्यांचं भाडं कापून उरलेली अनामत परत करेल.' खोडलेल्या जागी दोघांच्याही छोट्या सह्या घ्या. मालक कुरकुरला, तर तो पहिल्या वाक्याचा कोणता अर्थ धरून बसला होता ते तुम्हाला तिथेच कळेल.