आवडत्या खेळाडूसमोर बसण्याची भीती

सांगलीसारख्या बुद्धिबळाची जुनी परंपरा असलेल्या गावातून आलेले एक वडील माझ्यासमोर बसले आणि नीट टेकण्याआधीच त्यांनी प्रश्न विचारला, "मॅडम, ज्याचे पोस्टर मुलाने पलंगाशेजारी लावले आहे, त्याच ग्रँडमास्टरशी खेळायची संधी चालून आली आहे आणि हा म्हणतो, मी येणार नाही. न्यावे की सोडून द्यावे?" हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत अनेक पालकांनी विचारलेला आहे. कुणाचे मूल क्रिकेटपटूसोबत नेटमध्ये सराव करण्याच्या आदल्या दिवशी तापाने फणफणते, तर कुणाचे ऐनवेळी आईच्या पदराआड लपते. (ओळख पटू नये म्हणून या प्रसंगातील काही तपशील मी बदलले आहेत.)

मुलगा अकरा वर्षांचा होता. निमंत्रण आल्यापासून त्याचे पोट दुखत होते, जेवण कमी झाले होते. बालरोगतज्ज्ञांनी तपासून काही नसल्याचे सांगितले होते. सामना एकाच वेळी अनेकांशी खेळण्याचा, ज्याला मुले 'सायमल' म्हणतात, तसा होता. बुद्धिबळाचे पंचवीस पट घोड्याच्या नालेच्या आकारात मांडलेले, आतल्या बाजूने ग्रँडमास्टर पांढरी मोहरी खेळत फिरणार, बाहेर मुले काळी मोहरी घेऊन बसणार. एरवी स्पर्धेत खेळाडू घड्याळ पाहून विचार करतो. इथे मात्र तो माणूस आपल्या पटापुढे येऊन उभा राहिला की त्याच्यादेखत खेळी करावी लागते. शिवाय जसजसे इतरांचे डाव संपत जातात, तसतशी त्याची फेरी लहान होते, म्हणजे जो अधिक वेळ टिकतो त्यालाच विचाराला कमी वेळ मिळतो.

पहिल्या भेटीत मी चूक केली. "हरलास तरी काही बिघडत नाही," असे मी म्हणाले. मुलाने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले आणि तो म्हणाला, "हरणार हे मला माहीतच आहे."

मग नेमके काय नको आहे, हे कळायला दुसरी भेट लागली. वडिलांनी त्याला धीर द्यावा म्हणून अमेरिकी बुद्धिबळपटू बॉबी फिशरची गोष्ट सांगितली होती. 1951 च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ग्रंथालयात बुद्धिबळपटू मॅक्स पेव्ही यांनी असाच सामना ठेवला होता. सात वर्षांचा फिशर त्यात सुमारे पंधरा मिनिटांत हरला आणि पुढे 1972 मध्ये जगज्जेता झाला. गोष्ट खरी आहे, पण मुलाने तिचा अर्थ वेगळाच लावला होता. "म्हणजे मी हरलो, तर मला पण जगज्जेता व्हावं लागणार?" असे त्याने मला विचारले. वडिलांनी गोष्टीचा आरंभ आणि शेवट सांगितला होता, मधला भाग गाळला होता. तो डाव पाहणाऱ्यांत ब्रुकलिन चेस क्लबचे कार्माइन नायग्रो होते आणि त्यांनी त्या हरलेल्या मुलाला आपल्या क्लबमध्ये खेळायला बोलावले. मी एवढा भाग सांगितल्यावर मुलाने विचारले, "रोज?" त्याचा चेहरा तेव्हा प्रथमच सैल झाला.

तरीही एक गाठ उरली होती. "मी वजीर फुकट दिला तर ग्रँडमास्टर ते लक्षात ठेवतील," असे तो म्हणाला. पराभवाची नव्हे, तर आपल्या आवडत्या माणसाच्या नजरेत वेडे ठरण्याची ही भीती होती. ती समजावून जात नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी त्याला घरीच सायमल द्यायला सांगितले, पण आतल्या बाजूने. आजोबा, आई, धाकटी बहीण आणि शेजारचे काका बाहेर बसले आणि हा चार पटांपुढून फिरला. पुढच्या भेटीत मी विचारले, "बहिणीने किती चुका केल्या?" त्याला आठवेना. आजोबांनी हत्ती फुकट घालवला होता, हेही त्याला आईने सांगितल्यावर आठवले. "मॅडम, फिरताना माणसं दिसतच नाहीत, फक्त पट दिसतो," असे तो बराच विचार करून म्हणाला. हे वाक्य मी त्याला सांगितले असते, तर त्याने ते मानले नसते.

वडिलांकडून मी दोनच गोष्टी मागितल्या. जायचे की नाही हे आदल्या रात्री मुलानेच ठरवावे आणि डाव सुरू असताना मोबाइल खिशातच राहावा. दुसरी अट त्यांना जड गेली. नातेवाइकांच्या गटावर बातमी आधीच गेली होती. आपल्या हौसेचे ओझे मुलाच्या पाठीवर किती सहज पडते, हे पालकांना दाखवणे मुलाशी बोलण्यापेक्षा कठीण असते. सामना होऊन गेल्यावरही पोटदुखी, झोपमोड किंवा शाळेची टाळाटाळ काही आठवडे चालूच राहिली, तर पुन्हा या, असेही मी बजावले, कारण तेव्हा प्रश्न त्या एका दिवसाचा उरत नाही.

तो गेला. अठ्ठावीस खेळ्यांत हरला. चार दिवसांनी खेळ्या नोंदवलेला कागद घेऊन आला. त्यावर खाली ग्रँडमास्टरची सही होती, पण त्याचे बोट सतराव्या खेळीवर होते. "इथे मी घोडा आणला आणि ते थांबले. पुढच्या पटाकडे जायला निघालेले परत वळले." त्या जागी काय घडू शकले असते, हे तो मला दहा मिनिटे समजावत राहिला. मला त्यातले निम्मे कळले नाही. दाराशी उभ्या असलेल्या वडिलांनी हळूच सांगितले की, फोटो काढायचा राहूनच गेला.