पगाराचं सॉफ्टवेअर एवढं का अडतं?

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे, आमची ८ जणांची टीम काही हॉस्पिटलांसाठी पगाराचं सॉफ्टवेअर बनवतेय. पगार म्हणजे काय, बेरीज-वजाबाकीच, सहा महिन्यांत होईल असं वाटलेलं, आता दीड वर्ष झालं तरी लाइव्ह नाही. वरून आणखी ८ माणसं देतो म्हणतायत. सुटेल का हो यातून?

उत्तर: नुसती माणसं वाढवून नाही सुटणार. ८ जणांत बोलायच्या जोड्या २८ होतात, १६ झाले की थेट १२०, आणि नवीन आलेल्यांना शिकवायला परत तुमचेच जुने लोक अडकणार.

खरी गोम नियमांत आहे. नाइट ड्यूटी, ओव्हरटाइम, सुट्टीच्या दिवशीची शिफ्ट, असे १० नियम धरा, प्रत्येक लागू आहे किंवा नाही एवढंच, तरी १,०२४ शक्यता होतात! ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या आरोग्य खात्याचं असंच झालं. ७८ हजारांच्या आसपास कर्मचारी, पगार काढायच्या पद्धती २४ हजार, आणि जुन्या सिस्टीमचा सपोर्ट संपलेला म्हणून घाई. सगळ्यांचा पगार जुन्या-नव्या दोन्हीवर काढून ताळा न घेताच मार्च २०१० मध्ये नवी सुरू केली, मग कुणाला कमी पगार, कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. नर्सबाईंचा घराचा हप्ता थकतो तेव्हा तिला तुमचं डिझाइन किती छान आहे याचं काय करायचंय? पुढे २०१३ मध्ये चौकशी आयोग बसला, एकूण खर्चाचा अंदाज १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेलेला. मला वाटतं कोडिंगच्या आधी नियमच कमी करून घेतले असते तर निम्मा त्रास वाचला असता.

तुम्हीही आधी सगळे नियम एका एक्सेलमध्ये उतरवा, कुठला नियम किती जणांना लागतो ते समोर लिहा. चार-पाच जणांसाठीच असलेले नियम एकत्र करता येतील का ते क्लायंटच्या एचआरला विचारा, कोडमध्ये गुपचूप घुसडू नका. मग एकच हॉस्पिटल घ्या, तीन महिने दोन्हीकडे पगार काढा, रुपयाचा फरक आला तरी कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. आणि वरच्यांना सांगा, ८ इंजिनीअर राहू देत, पगारपत्रकं करण्यात वीस वर्षं काढलेला त्या हॉस्पिटलचा एक क्लार्क रोज दोन तास आमच्यासोबत बसवा.