बिल्ल्यावरचा १०५ कोणाचा?

जुन्या ब्रिटिश लष्करी बिल्ल्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या दोन उत्तरांना जागा जास्त लागली आहे, कारण त्या दोन वाचकांच्या शंका पुण्यातील बहुतेक नव्या संग्राहकांच्या शंका आहेत.

प्रश्न : मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात मला पितळेचा एक बिल्ला मिळाला. त्यावर बिगुल, बिगुलाच्या वळणात १०५ हा आकडा, वर मुकुट आणि खाली एम. एल. आय. ही रोमन अक्षरे आहेत. विकणाऱ्याने तो १८५७ सालच्या गोऱ्या पलटणीचा, म्हणजे ‘मद्रास लाइट इन्फंट्री’चा असल्याचे सांगून त्या मानाने किंमत घेतली. हे खरे मानावे काय? (एक वाचक, खडकी)

उत्तर : खरे मानू नये, मात्र आपली फसवणूक झाली असली तरी हाती आलेली वस्तू, माझ्या मते, सांगितलेल्या वस्तूपेक्षा आपल्याला अधिक जवळची आहे.

एम. एल. आय. ही आद्याक्षरे दोन वेगवेगळ्या पलटणींची आहेत. दोघींचा आकडा १०५, आणि दोन्ही ‘लाइट इन्फंट्री’, म्हणजे हलके पायदळ, असल्यामुळे दोघींचे चिन्हही बिगुल. त्यांपैकी पहिली ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यातील गोऱ्या शिपायांची पलटण. कंपनीचे राज्य संपल्यावर तिच्या गोऱ्या पलटणी राणीच्या फौजेत घेण्यात आल्या आणि १८६२ मध्ये त्यांना १०१ ते १०९ हे आकडे मिळाले, तेव्हा ही पलटण १०५ वी झाली. म्हणजे १८५७ साली तिच्याजवळ हा आकडा नव्हताच, आणि विकणाऱ्याचे म्हणणे इथेच कोसळते. पुढे १८८१ च्या फेररचनेत ब्रिटिश पायदळाचे आकडे रद्द होऊन पलटणींना परगण्यांची नावे देण्यात आली आणि १०५ वी पलटण यॉर्कशरच्या लाइट इन्फंट्रीत विलीन झाली. तेव्हा तिचा १०५ हा आकडा जेमतेम १९ वर्षांचा.

दुसरी पलटण मुंबई इलाख्याची देशी पाचवी. १८४० साली बलुचिस्तानातील काहान येथे वेढा पडला असता तिने तो किल्ला महिनोन् महिने लढवला आणि त्याबद्दल पुढच्याच वर्षी तिला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला. ‘काली पाँचवीं’ हे तिचे जुने नाव आजही लष्करात ठाऊक आहे. १९०३ मध्ये सरसेनापती किचनेरच्या काळात भारतीय फौजेचे आकडे नव्याने लावले गेले, तेव्हा मुंबई इलाख्याच्या पायदळाच्या आकड्यांत सरसकट १०० मिळवण्यात आले आणि मुंबईची पाचवी ही ‘१०५ वी मराठा लाइट इन्फंट्री’ झाली. १९२२ च्या पुनर्रचनेत तीच पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन बनली. तेव्हा तिचा हा आकडाही बरोबर १९ वर्षांचाच.

आता आपला बिल्ला या दोघींपैकी कोणाचा, हे त्याच्यावरचा मुकुट सांगतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या दाखवीत. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आल्यानंतर त्या जागी घुमटासारख्या वर फुगलेल्या कमानींचा मुकुट आला आणि तो सहाव्या जॉर्जपर्यंत, म्हणजे १९५२ पर्यंत, टिकला. आपल्या पत्रासोबतच्या छायाचित्रात कमानी स्वच्छ घुमटाकार दिसतात. मद्रासची १०५ वी पलटण या घुमटाकार मुकुटाच्या वीस वर्षे आधीच नाहीशी झाली होती. त्यामुळे आपला बिल्ला १९०३ ते १९२२ या काळातील मराठा पलटणीचा ठरतो. याच नियमाने उलटही सांगता येते: ‘मराठा’ हा शब्द, १०५ हा आकडा आणि व्हिक्टोरियाचा दबलेला मुकुट हे तिन्ही एकाच बिल्ल्यावर कोणी दाखवले, तर तो बिल्ला कोणत्याही शिपायाने कधी वापरलेला असू शकत नाही.

विकणाऱ्याने जे सांगितले तेही एका कागदावर तारखेसह लिहून बिल्ल्याजवळ ठेवावे. माहिती चुकीची असली, तरी वस्तू कोठून आणि कोणत्या दाव्यासह आली, हे पुढच्या अभ्यासकाला कळणे आवश्यक असते.

प्रश्न : छातीवरच्या आडव्या पट्ट्याची एक चौकोनी तबकडी मला देऊ केली आहे. तिच्यावर १०३ हा आकडा व ‘रॉयल बॉम्बे फ्युसिलिअर्स’ हे नाव आहे. ती खूप जड असून मागची बाजू सपाट आहे. विक्रेत्याजवळ अशा आणखी चार आहेत. अस्सल कशी ओळखावी? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : या तबकडीबाबत भिंग हाती घेण्याआधीच नकार देता येईल. खांद्यावरून छातीवर तिरका येणारा चामडी पट्टा जिथे जोडला जाई, तिथे ही तबकडी बसवलेली असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती लंबगोल होती, पुढे आयताकृती झाली, आणि १८५५ मध्ये नवा गणवेश आला तेव्हा ब्रिटिश पायदळाच्या सामान्य पलटणींतून ती गेली. स्कॉटलंडच्या हायलँड पलटणींतील अधिकाऱ्यांनी ती पुढेही वापरली, पण आपल्या तबकडीवरची पलटण हायलँडची नाही. कंपनीच्या मुंबईकर गोऱ्या फ्युसिलिअरांना १०३ हा आकडा मिळाला १८६२ मध्ये, म्हणजे तबकडी बंद झाल्यानंतर सात वर्षांनी. त्या काळातील १०३ चा आकडा आपल्याला सापडलाच, तर तो कमरपट्ट्याच्या गोल, एकात एक अडकणाऱ्या दोन तुकड्यांच्या बकलावर सापडेल. तेव्हा पाचही तबकड्या परत करून टाकाव्यात.

पुढच्या वेळी आपल्यासमोर तारखेच्या कसोटीला उतरणारी वस्तू येईल, म्हणून हाताळणीच्या कसोट्याही सांगतो. बहुतेक ब्रिटिश बिल्ले पातळ पत्र्यावर पोलादी ठशाने दाब देऊन काढलेले असतात. त्यामुळे पुढे जे उंच, तेच मागे खोल दिसते, कडा धारदार लागतात आणि नक्षीतील मोकळ्या जागा कापून काढल्याच्या खुणा भिंगाखाली दिसतात. अस्सल बिल्ल्यावरून मातीचा वा रबराचा साचा घेऊन ओतलेली नक्कल जड असते, तिच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात, अक्षरांच्या कोपऱ्यांना साबणासारखी गोलाई येते, आणि धातू थंड होताना आकसत असल्यामुळे ती मुळापेक्षा किंचित लहान भरते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारे कॅलिपर म्हणूनच संग्राहकाच्या खिशात असावे.

अधिकाऱ्यांच्या तबकड्यांची रचना वेगळी असते. त्यांत जाड मुलामा दिलेल्या पाटावर चांदीची नक्षी स्वतंत्रपणे बसवलेली असते आणि तिचे पाय पाटातून आरपार जाऊन मागे पक्के केलेले असतात. त्यामुळे केवळ जडपणा हा दोष मानू नये. आपल्याकडच्या देशी पलटणींच्या बिल्ल्यांबाबत तर ओतीवपणाही निर्णायक नाही. छावणीतल्या बाजारात, कारागिरांनी पलटणीसाठीच ओतून दिलेले बिल्ले प्रत्यक्ष वापरात होते. त्यांची ओबडधोबड घडण पाहून कोणी त्यांना बनावट म्हणून टाकून देतो, तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या सुबक बिल्ल्यापेक्षा तोच दुर्मीळ असतो.

सर्वांत अवघड प्रकार म्हणजे जुन्याच ठशांवरून नंतर काढलेल्या प्रती. ठसा खरा, कारखानाही कधी कधी तोच, फक्त काळ वेगळा. अशा वेळी मागील बाजू पाहावी. टोपीच्या बिल्ल्यांना आधी दोन तांब्याच्या कड्या असत. टोपीच्या फटीत सरकवायची उभी पट्टी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आली. १८८१ पूर्वीच्या आकड्याच्या बिल्ल्याला अशी पट्टी असेल, तर पुढची बाजू कितीही छान असली तरी तो नंतरचा आहे. झीज कुठे आहे, तेही पाहावे: शिपाई रोज पॉलिश लावून बिल्ला घासत असे, त्यामुळे मुकुटाचे टोक आणि अक्षरांचे माथे गुळगुळीत होतात, मात्र खोलगट जागा ताज्या राहतात. सगळीकडे सारखीच झीज दिसली, तर ती तेजाबाने आणलेली असण्याचा संभव अधिक.

चिन्हांची नजर तयार करायची असेल, तर एक रुपयाही खर्च न करता आपल्याला खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत जाता येईल. तेथील थडग्यांच्या शिळांवर त्या त्या पलटणीचे चिन्ह कोरलेले आहे. त्या शिळांमधून एक सकाळ शांतपणे फिरल्यावर बिगुल, वाघ, स्फिंक्स आणि जळता गोळा यांतील फरक आपोआप मनात बसतो. ती जागा स्मरणाची आहे, हे मात्र तिथे वावरताना मनात असू द्यावे.

प्रश्न : वडिलांनी जपलेला सोनेरी मुलाम्याचा बिल्ला घरातील मंडळींनी दिवाळीच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासला. आता तो गुलाबी दिसतो. पूर्ववत कसा करावा? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : पूर्ववत होणार नाही, हे आधीच सांगणे मला भाग आहे. जुना मुलामा पाऱ्यात सोने मिसळून, ते तापवून चढवलेला असे आणि त्याचा थर अत्यंत पातळ असतो. भांडी घासण्याच्या पावडरीने तो खरवडला जातो, आणि जिथे पितळ उघडे पडते तिथे चिंचेतील आम्लामुळे पृष्ठभागातील जस्त निघून तांब्याची गुलाबी छटा उरते. आपल्या घरातील मंडळींना दोष देऊ नये. तांब्यापितळेची भांडी चिंचेने लखलखीत करणे ही आपल्याकडची चांगलीच रीत आहे, परंतु ती रोजच्या वापरातील भांड्यांसाठी आहे.

आता करण्यासारखे एवढेच, की उरलेले आम्ल निघून जाईल अशा बेताने बिल्ला ऊर्ध्वपातित पाण्यात दोनतीनदा बुडवावा, मऊ सुती कापडाने टिपून घ्यावा आणि कोमट हवेत पूर्ण सुकवावा. नंतर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा) अगदी पातळ हात द्यावा आणि पुढे त्याला काहीही लावू नये. नव्याने सोन्याचे पाणी चढवण्याचा सल्ला कोणी सराफाने दिला, तर नम्रपणे नाकारावा. जे उरले आहे, तेवढे तरी खरे आहे.

पुण्याच्या पावसाळ्यात खरी काळजी साठवणीची. नाण्यांच्या अल्बममधील मऊ प्लास्टिकचे कप्पे पीव्हीसीचे असतील, तर ते काही वर्षांत चिकट होऊन धातूवर हिरवा थर आणतात. त्याऐवजी पॉलिएस्टरची पाकिटे घ्यावीत. नव्या प्लायवूडच्या कपाटातील वाफा, लोकरीचे अस्तर आणि रबर बँड यांच्यापासून बिल्ले दूर ठेवावेत, विशेषतः चांदीचे, कारण गंधकाने चांदी काळी पडते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून जून ते सप्टेंबर त्या बदलत राहाव्यात. हिरवा ओलसर थर दिसलाच, तर तो लाकडी दातकोरणीने अलगद काढावा, धातूची टाचणी वापरू नये.

प्रश्न : इंग्लंडमधील भाच्याला १९१० च्या सुमाराचा बिल्ला टपालाने भेट पाठवावा असे वाटते. हरकत नाही ना? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : हरकत आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षे वा त्याहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू त्याहून अलीकडची असल्याची खात्री असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळवून मगच ती पाठवावी. आपला भाचा सुट्टीत येईल तेव्हा बिल्ला त्याच्या हातात ठेवून पाहू द्यावा.

प्रश्न : आमचे पणजोबा मराठा पलटणीत होते आणि १९१६ मध्ये आजच्या इराकमधील कुत येथील वेढ्यात होते, असे घरात सांगतात. त्यांचा म्हणून जपलेल्या बिल्ल्यावर बिगुल, घुमटाकार मुकुट आणि ‘५ मराठा एल. आय.’ अशी अक्षरे आहेत. सोबत दोन पदके आहेत, एक चांदीचे व एक पितळी रंगाचे. हा बिल्ला त्यांनी कुतला घातला असेल काय? (एक वाचक, औंध)

उत्तर : तो बिल्ला कुतला असू शकत नाही, पण म्हणून घरातली आठवण खोटी ठरत नाही. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी व ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती होईपर्यंत त्या कुतच्या वेढ्यात उपाशीपोटी लढल्या. ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ हे नाव मात्र १९२२ चे, आणि त्यातला पाचचा आकडा १९४५ पर्यंत टिकला. म्हणजे पणजोबा १९२२ नंतरही चाकरीत असावेत, किंवा हा बिल्ला पुढच्या पिढीतील कोणाचा असावा. निवृत्तिवेतनाचा कागद घरात असेल, तर त्यावरून हे लगेच कळेल.

बिल्ल्यावर माणसाचे नाव नसते, पदकावर असते. आपल्याकडील पदके पहिल्या महायुद्धाची, म्हणजे चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि पितळी रंगाचे व्हिक्टरी मेडल, असतील, तर त्यांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण रोमन लिपीत ठोकलेली सापडेल. पदक घासू नये; दिवसा खिडकीशी तिरक्या उजेडात धरावे आणि दहापट भिंगाने कड सावकाश फिरवत वाचावी. नाव ओळखीचे वाटेल असे लिहिलेले नसेल, कारण लिहिणाऱ्या इंग्रज कारकुनाने ते कानाला लागले तसे उतरवलेले असते. जे दिसेल ते अक्षर न् अक्षर उतरवून आणि कडेचे छायाचित्र काढून मला पाठवावे. पलटणीचा आकडा १०३ निघतो, ११० की ११७, एवढे कळले तरी पुढचा शोध घेता येईल.