वाचकांचे प्रश्न : ‘समुद्रावर गेलो की बरे वाटेल’ म्हणून थांबावे का?

प्रश्न : मी 44 वर्षांचा असून दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका गावात राहतो. नौका माझी स्वतःची आहे आणि तिचा तांडेलही, म्हणजे ती हाकणाराही, मीच आहे. गेले दोन हंगाम मासळी कमी मिळाली, पतसंस्थेचे हप्ते थकले आणि पुढील हंगामासाठी खलाशांना उचल दिली तीही कर्ज काढूनच. साधारण होळीपासून पहाटे तीनला जाग येते व नंतर झोप लागत नाही. छातीवर दडपण येते म्हणून ईसीजी काढला, त्यात काही निघाले नाही. मुलांवर विनाकारण ओरडतो, बंदरावर लिलावाला उभे राहण्याची इच्छा होत नाही, आणि रात्री थोडी घेतल्याशिवाय डोळा लागत नाही. आपण नसतो तर घरच्यांचा ताप संपला असता, असेही मनात येऊन जाते. पत्नी मानसोपचारतज्ज्ञांकडे चला म्हणते, थोरले बंधू म्हणतात आधी देवाला कौल लावू. मला वाटते, सध्या पावसाळी मासेमारी बंदीमुळे नौका शाकारून ठेवली आहे, त्या रिकामपणाचा हा परिणाम असावा आणि ऑगस्टमध्ये समुद्रावर गेलो की आपोआप बरे वाटेल. या औषधांची सवय लागते, माणूस गुंगीत राहतो, असेही ऐकतो. शिवाय गावात कळले तर ‘याला रत्नागिरीला (म्हणजे मनोरुग्णालयात) पाठवा’ म्हणायला लोक टपलेलेच आहेत. काय करावे?

उत्तर : आपण नसतो तर घरच्यांचा ताप संपला असता, हे आपण ओझरते लिहिले आहे, मी मात्र उत्तराची सुरुवात तेथूनच करतो. हा विचार येणे म्हणजे भित्रेपणा नव्हे, आणि तो कायम टिकतो असेही नाही. नैराश्यात तो अनेकांना येतो व उपचारांनी मागे पडतो. पण तो एकट्याने बाळगू नका. आजच पत्नीला स्पष्ट शब्दांत सांगा. तो वारंवार येऊ लागला, किंवा काही करून बसण्याचा बेत मनात आकार घेऊ लागला, तर एकटे राहू नका, भेटीच्या तारखेची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जा. 14416 हा ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक आहे; तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी आत्महत्येने गेलेल्या 1,70,924 व्यक्तींपैकी शंभरात सत्तरहून अधिक पुरुष होते, म्हणून पुरुषाने लिहिलेले असे वाक्य ओझरते असले तरी मी ते ओलांडून पुढे जात नाही.

आता रिकामपणाविषयी. यांत्रिक नौकांची मासेमारी बंदी 1 जूनला सुरू होते आणि 31 जुलैला संपते. आपली झोप तर होळीपासून, म्हणजे हंगाम ऐन भरात असतानाच उडालेली आहे. तेव्हा दोष बंदीचा नाही. पहाटे लवकर जाग येणे, छातीवर दडपण, चिडचिड, माणसांत जाण्याचा कंटाळा ही सगळी नैराश्याची लक्षणे असू शकतात. पुरुषांमध्ये ते पुष्कळदा रडण्याऐवजी रागातून, अंगदुखीतून आणि दारूतून बाहेर पडते, आणि घरचे म्हणतात, ‘याचा स्वभावच बदलला’. कर्ज हे खरे संकट आहे व ते गोळीने फिटणार नाही, हे उघड आहे. परंतु पतसंस्थेशी हप्त्यांची फेररचना बोलायलाही झोप झालेले, शांत डोके लागते.

ईसीजी काढणाऱ्या डॉक्टरांना झोपेबद्दल आणि दारूबद्दल आपण काही सांगितले होते का? बहुतेक पुरुष छाती दाखवतात आणि बाकीचे गिळतात. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तीच मोडते, त्यामुळे पहाटेच्या जागेत तिचाही वाटा असणार. मात्र रोजची सवय जुनी व प्रमाण मोठे असेल, तर ती एकाएकी बंद करू नका, कारण हात थरथरणे, क्वचित फिट येणे असे धोके असतात. किती घेता ते डॉक्टरांना खरे सांगा आणि त्यांच्या सल्ल्यानेच सोडा.

पहिल्या भेटीत बहुतांश वेळ बोलण्यातच जातो. झोप, भूक, काम, घर, पूर्वीचे आजार, दारू यांविषयी विचारले जाते. गरज वाटल्यास थायरॉइड, साखर, बी-12 तपासले जाते. समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात, औषध लिहून देतात ते वैद्यकीय पदवी असलेले मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्यावर सध्या सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. त्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही त्या सहसा सहा महिने किंवा अधिक काळ घ्याव्या लागतात. मनाने अचानक बंद केल्यास त्रास होतो. सवय लागण्याची आपली शंका झोपेच्या काही गोळ्यांच्या बाबतीत रास्त आहे. त्या डॉक्टर मोजक्या दिवसांसाठी देतात, त्यामुळे दुकानातून परस्पर आणून घेऊ नका.

तांडेलाच्या गुंगीचा आपला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मळमळ, सुस्ती, डोके हलके होणे असे त्रास बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच जाणवतात, आणि सध्या आपण जमिनीवर आहात. उपचार सुरू करायला याहून सोयीचा काळ वर्षात आपल्याला मिळणार नाही. ‘मी रात्री नौका हाकतो, खलाशांचे जीव माझ्या हाती असतात,’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे ते गोळी आणि तिची वेळ त्या हिशेबाने निवडतील.

राहिला गावाचा प्रश्न. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातील अशा चार रुग्णालयांपैकी एक आहे, आणि तेथेही दाखवून त्याच दिवशी घरी परतता येते. पण आपल्याला तेथेच जावे लागेल असे नाही. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा चिपळूण तालुक्यातील डेरवणसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो, आणि चिपळूणला बाजारहाटासाठी जाणाऱ्या माणसाला कोणी कारण विचारत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडता डॉक्टर आपली माहिती कोणाला सांगू शकत नाहीत.

बंधूंना दुखवू नका. कौल लावण्याने त्यांच्या मनाला आधार मिळत असेल तर तो अवश्य लावावा. फक्त डॉक्टरांची भेट त्या कौलावर अवलंबून ठेवू नये, आणि कोणी औषध थांबवायला सांगितले तर ऐकू नये. भेटीला पत्नीला सोबत न्या, कारण चिडचिडीचे आणि झोपेचे खरे वर्णन तिच्याकडून अधिक नेमके मिळेल. जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा दाखवून, गोळीची सुस्ती राहिली आहे का हे डॉक्टरांशी बोलून, मगच पहिल्या फेरीची तारीख ठरवा.