सेशन नव्हे, तास मोजा: सॅलरीड जीपीची ऑफर आणि लोकमचा पर्याय

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. इंग्लंडमधल्या प्रॅक्टिसने (फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याने) तुम्हाला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून सहा सेशनची (सेशन म्हणजे साधारण अर्ध्या दिवसाचं काम) सॅलरीड, म्हणजे पगारी नोकरीची, ऑफर दिली आहे, तीन दिवस सकाळी 8 ते संध्याकाळी 6.30, आणि कॉन्ट्रॅक्ट ‘बीएमए मॉडेलवर’, म्हणजे ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेच्या नमुना करारावर, ‘आधारित’ आहे. त्यात काय तपासावं, आणि ते घ्यावं की सरळ लोकम (बदली डॉक्टर म्हणून सुटं काम) करावं?

आधी प्रॅक्टिस मॅनेजरला विचारा, एनएचएसशी (सरकारी आरोग्यसेवेशी) त्यांचा करार कोणता. जीएमएस (देशभर एकसारखा करार) असेल किंवा 2015 नंतरचा पीएमएस (स्थानिक वाटाघाटीने ठरलेला) असेल, तर बीएमए मॉडेलपेक्षा कमी प्रतीच्या अटी त्यांना देताच येत नाहीत. एपीएमएसवर (खाजगी कंपन्यांनाही देता येणारा पर्यायी करार) तसं बंधन नाही, तिथे जे पदरात पडेल ते वाटाघाटीनेच. ‘आधारित’ म्हणून हातात दिलेला मसुदा आणि मूळ मॉडेल शेजारी ठेवून कलमागणिक ताडून बघा. काय घातलंय त्यापेक्षा काय गाळलंय ते शोधायचं.

खरा घोळ तासांचा. मॉडेलमध्ये पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला 37.5 तास, नऊ सेशन, म्हणजे एक सेशन 4 तास 10 मिनिटांचं. तुमची सहा सेशन म्हणजे 25 तास. रोज साडेदहा तास धरले, त्यातून अर्धा तास जेवणाचा वजा केला, तरी तीन दिवसांचे 30 तास होतात. वरचे पाच तास, म्हणजे सव्वा सेशनच्या आसपास, दर आठवड्याला फुकट. समजा सेशनला वर्षाचे 10,500 पाउंड देऊ केलेत, तर एकूण 63,000. ताशी हिशेब 25 तासांवर साधारण 48 पाउंड येतो, 30 तासांवर 40. रिपोर्ट, पत्रं, प्रिस्क्रिप्शन ही सगळी त्या 4 तास 10 मिनिटांतच धरायची असतात. ‘अ‍ॅडमिन आवश्यकतेनुसार’ अशी ओळ दिसली की ती खोडायला सांगा. त्याऐवजी जॉब प्लॅन जोडून घ्या: किती अपॉइंटमेंट, किती मिनिटांच्या, घरभेटी किती, ड्यूटी डॉक्टरची (त्या दिवशीच्या तातडीच्या रुग्णांची) पाळी किती दिवसांनी. दिवसाला 25 रुग्णसंपर्क ही बीएमएची सुरक्षित मर्यादा आहे, तिचा आधार घ्या. रुजू झाल्यावर दोन-चार आठवडे वेळेची डायरी ठेवा. तास वाढलेले दिसले तर ‘काम कमी करा नाहीतर सेशन वाढवून द्या’ हे बोलणं डायरीच्या बळावरच टिकतं.

सीपीडीचे (व्यावसायिक ज्ञान अद्ययावत ठेवण्याच्या अभ्यासाचे) पूर्णवेळाला आठवड्याला 4 तास, तुमच्या वाट्याला 2 तास 40 मिनिटं, तीही त्या 25 तासांतच. रजाही तासांत मागा: सहा आठवडे म्हणजे 150 तास, आणि मॉडेलमधल्या दहा सार्वजनिक सुट्ट्यांचा प्रमाणशीर वाटा 50 तास. तुमचे दिवस मंगळवार ते गुरुवार असतील आणि बहुतेक बँक हॉलिडे सोमवारी येत असतील, तरी हे 50 तास तुमचेच. अर्धवेळ लोकांचे ते हमखास गिळले जातात.

आजारपणाच्या पगारात एक कलम नीट वाचा: आधीची एनएचएस सेवा धरली जाते का? मॉडेलनुसार पहिल्या वर्षी एक महिना पूर्ण पगार आणि चार महिने सेवा झाल्यावर दोन महिने अर्धा; पाच वर्षांनंतर सहा महिने पूर्ण आणि सहा महिने अर्धा. सेवा शून्यापासून मोजली तर तुमची ट्रेनिंगची वर्षं पाण्यात. मातृत्वरजेच्या पगारालाही (8 आठवडे पूर्ण, 18 अर्धे) आधीची सलग सेवाच लागते. अन्यायकारक बडतर्फीविरुद्धच्या कायदेशीर हक्कासाठी मात्र प्रत्येक प्रॅक्टिस हा वेगळा मालक, तिथे घड्याळ नव्याने सुरू होतं. शिवाय डीडीआरबीने (डॉक्टरांच्या पगाराबाबत सरकारला शिफारस करणाऱ्या मंडळाने) सुचवलेली वार्षिक वाढ मिळण्याचं कलम शाबूत आहे ना, ते बघा.

आता लोकम. तुमचा व्हिसा प्रायोजित, म्हणजे नोकरी देणाऱ्याच्या हमीवरचा, असेल तर निव्वळ लोकमवर राहता येणार नाही, तेव्हा हा प्रश्न तिथेच मिटतो. तसं नसेल तर ध्यानात घ्या: आजारी पडलात, रजा घेतलीत, की कमाई बंद. एनएचएस पेन्शन हवं असेल तर लोकम ए आणि बी फॉर्म (कामाची आणि पेन्शनच्या वर्गणीची नोंद करणारे) काम संपल्यापासून दहा आठवड्यांत गेलेच पाहिजेत. उशीर झाला की त्या कामाचं पेन्शन गेलं. फीचा 90 टक्के भाग पेन्शनपात्र असतो, पण एजन्सीमार्फत किंवा स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून बिल लावलंत तर काहीच नाही. कंपनी काढलीत तर आयआर35 चं, म्हणजे कंपनीआडून नोकरदारासारखं काम करणाऱ्यांना नोकरदारासारखाच कर लावणाऱ्या नियमाचं, शुक्लकाष्ठ वेगळं. तुम्ही नोकरदारासारखे आहात की नाही, हे तिथे प्रॅक्टिस ठरवते.

बुकिंग पक्कं होण्याआधी स्वतःच्या अटी मेलने पाठवा आणि लेखी होकार घ्या: रुग्णसंख्या, घरभेटी, दुसऱ्यांची प्रिस्क्रिप्शन सही करायची की नाही, किती दिवस आधी रद्द केल्यास किती रक्कम. बिल थकलं तर उशिरा दिलेल्या व्यावसायिक बिलांबाबतच्या 1998 च्या कायद्याने बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा 8 टक्के जास्त व्याज लावता येतं, शिवाय 1,000 ते 9,999.99 पाउंडांच्या बिलाला 70 पाउंड भरपाई. हे अटींमध्ये आधीच लिहिलेलं असलं की अकाउंट्सवाले सहसा वेळेवर पैसे सोडतात.

इंडेम्निटीबद्दल (रुग्णांच्या भरपाईच्या दाव्यांपासूनचं संरक्षण): एप्रिल 2019 पासूनची सरकारी योजना एनएचएस कामातल्या निष्काळजीपणाचे दावे सांभाळते, सॅलरीड असा की लोकम. जीएमसीची (डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या परिषदेची) चौकशी, इन्क्वेस्ट (मृत्यूच्या कारणाची न्यायिक चौकशी) आणि खाजगी काम तिच्यात नाही, म्हणून एमडीयू, एमपीएस किंवा एमडीडीयूएस या डॉक्टरांना कायदेशीर संरक्षण देणाऱ्या संस्थांपैकी एकीचं सदस्यत्व चालू ठेवा. सॅलरीड पद घेत असाल तर त्याची फी प्रॅक्टिस भरेल का, हे सहीच्या आधीच विचारून घ्या.