गॅलेक्सी धडकल्यावर एक्स-रे येतात कुठून?

प्रश्न: दोन गॅलेक्सी धडकल्या की नवीन तारे भराभर जन्मतात आणि तिथून एक्स-रे पण भरपूर येतात असं वाचलं. तारे ताऱ्यांवर आपटतात म्हणून का? की नवे तारेच एक्स-रे टाकतात?

उत्तर: तारे आपटत वगैरे नाहीत हो. दोन ताऱ्यांमधलं अंतर त्यांच्या आकाराच्या कोट्यवधी पट असतं, त्यामुळे गॅलेक्सी एकमेकींतून आरपार गेल्या तरी तारे बाजूबाजूने निघून जातात. धडकेत सापडतो तो गॅस. गॅसचे ढग खरोखर एकमेकांवर धडकतात, दाबले जातात, शिवाय गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत त्यांची फिरण्याची गती कमी होते आणि ते केंद्राकडे घसरतात, आणि इतका गॅस एका जागी दाटला की तारे बनणारच. आपल्या आकाशगंगेत वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे तारे बनतात, आर्प 220 या विलीन होत असलेल्या गॅलेक्सीत हाच आकडा दोनशेच्या आसपास आहे.

आता एक्स-रे. तरुण तारे थोडे एक्स-रे देतात, पण एवढ्या लांबच्या हिशेबात ते किरकोळ. खरे एक्स-रे मेलेल्या ताऱ्यांमुळे येतात! जन्मलेल्यांपैकी जे खूप जड असतात ते तीसेक लाख ते काही कोटी वर्षांतच संपतात (सूर्याचं आयुष्य हजार कोटी वर्षांचं), सुपरनोव्हा म्हणजे प्रचंड स्फोट होतो, आजूबाजूचा गॅस लाखो अंश तापतो आणि एक्स-रेमध्ये चमकायला लागतो. मागे न्यूट्रॉन तारा (ताऱ्याचा दाबून अतिशय दाट झालेला गाभा) किंवा ब्लॅक होल उरतं, त्याला जोडीदार तारा असेल तर त्याचा गॅस ओढून घेताना तर फारच जोरदार एक्स-रे निघतात. जड तारे लवकर मरतात म्हणूनच अशा जोड्या किती आहेत त्यावरून तिथे अलीकडे किती तारे बनले याचा अंदाज बांधता येतो, आणि जास्त ऊर्जेचे एक्स-रे धुळीतूनही बाहेर पडतात, जिथे साधा प्रकाश अडकतो.

हस्त नक्षत्राच्या दिशेला अँटेना गॅलेक्सी आहेत, एनजीसी 4038 आणि 4039. 1999 मध्ये अंतराळात सोडलेल्या चंद्रा या एक्स-रे दुर्बिणीने (हो, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्याच नावाची) तिथे असे ढिगाने स्रोत दाखवले, काही इतके प्रखर की ती मोठी ब्लॅक होलं असावीत असं वाटलं. पण जपून! शेजारच्या एम 81 गॅलेक्सीने ओढाताण केलेल्या एम 82 गॅलेक्सीमधला असाच एक प्रखर स्रोत 2014 मध्ये दर 1.37 सेकंदाला लुकलुकताना सापडला. ब्लॅक होल असं ठरावीक ठोक्यात लुकलुकत नाही, म्हणजे तो चक्क न्यूट्रॉन तारा निघाला.

आणि सगळे एक्स-रे ताऱ्यांच्या खात्यात टाकू नका. एनजीसी 6240 मध्ये चंद्रा दुर्बिणीला एकाच गॅलेक्सीत दोन महाकाय ब्लॅक होलं गॅस गिळताना दिसली. घसरलेला गॅस त्यांनाही मिळतोच ना, त्यामुळे केंद्रातल्या एक्स-रेचं श्रेय नेमकं कुणाला द्यायचं हे ठरवताना संशोधकांची डोकेफोड होते.

प्रश्न: आपली आकाशगंगा शेजारच्या देवयानी (अँड्रोमिडा) गॅलेक्सीला धडकल्यावर असंच होईल का?

उत्तर: देवयानी 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला साधारण 110 किलोमीटरने जवळ येतेय, तरी धडक पक्की नाही. 2025 च्या एका अभ्यासात पुढच्या हजार कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मीच निघाली. झाली तरी अँटेनासारखी आतषबाजी होईल असं मला वाटत नाही, देवयानीत तारे बनणं आत्ताच मंदावलंय आणि तोवर दोघींचा गॅस अजून संपलेला असेल.